सगुणाबाईंच्या दाराबाहेर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका बाईला सांगितलं, मागच्या आठवड्यात, वाडीला जाऊन. आणि तिथून परत येताना पहिल्यांदा वाटलं, की आता तुमच्याशीही बोलता येईल. आमच्या ह्यांना अजून माहीत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना माहीत नाही. प्रार्थनेत प्रभूपुढेसुद्धा मी हे सुटं करून कधी ठेवलं नाही — ‘माझ्या सर्व अपराधांची क्षमा कर’ म्हणायचं आणि बाकीच्या गर्दीत हेही ढकलून द्यायचं. त्याला काय कळत नव्हतं? पण मला बरं पडायचं.

मी नंदनवन कॉलनीत राहते. शाळेत शिकवायची, आता रिटायर. मंडळीत मला सगळे शालिनी आंटी म्हणतात आणि कोणी आजारी पडलं की पहिला फोन मला येतो. दवाखान्यात डबा पोचवायचा, घरप्रार्थना ठेवायची, मयतीच्या घरी चहाचं बघायचं — सगळं शालिनी आंटी. एका नाताळच्या कार्यक्रमात पाळकसाहेब माइकवरून म्हणाले होते, दया काय असते ते शिकायचं असेल तर आंटींच्या मागेमागे चार दिवस फिरा. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. बघा बाई, किती नम्र! खरं सांगू? मान खाली घातली, कारण समोरच्या बाकावर रत्ना बसली होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवत होती.

रत्ना म्हणजे सगुणाबाईंची मुलगी. मायलेकी दोघीच, आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायच्या. सगुणाबाई मूळच्या कुहीकडच्या खेड्यातल्या, धानाच्या बांधीत वाढलेल्या, आणि तोंडाच्या भारी फटकळ. पाळकसाहेबांना तोंडावर म्हणायच्या, ‘तुमचा उपदेश लई लांबते बावा, माझी भाजी करपून राहिली तिकडे.’ त्यांना लकवा मारला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. कमरेखालचं काही हलेना. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, यांना सारखं या कुशीवरून त्या कुशीवर करत राहा. सगुणाबाई त्याला पालटवणं म्हणायच्या. ‘पालटव वं मले’ — दिवसभर हेच. रत्ना बिचारी नोकरी सांभाळून ते करायची.

आमच्या मंडळीत एक चांगली रीत आहे. घरात कोणी आजारी असलं, की रविवारी उपासनेच्या वेळी मंडळीतलं कोणीतरी तिथे बसायला जातं, म्हणजे घरच्या माणसाला चर्चला येता येतं. त्या दोन-अडीच तासांत रत्ना गीतं म्हणायची, चार लोकांशी बोलायची, तोंडावर जरा उजेड यायचा तिच्या. तर सगुणाबाईंकडे कोण बसेल, असं महिला संघात विचारलं तेव्हा पहिला हात माझा. हात वर करायला मी कधी मागे नव्हते.

आता वासाचं बोलावं लागेल.

जखमांचा वास तुम्हाला माहीत आहे का? नसला तर बरं आहे. मी डेटॉल नेलं, तोंडाला पदर लावला, एक-दोन रविवार काढलेही. पण घरी आल्यावर जेवण जाईना. मग एकदा मी खुर्ची जरा दाराशी घेतली — हवा येते म्हणून. मग उंबऱ्यावर. मग सरळ बाहेर व्हरांड्यात. कोणी मला ‘बाहेर बस’ म्हटलं नव्हतं. पण मी म्हटलंच आहे की, मला बरं पडायचं.

आणि नाटक! ते तर सांगायलाच पाहिजे. उपासना सुटायची वेळ झाली, की मी आत जायची, खुर्ची पलंगाजवळ ओढायची, सगुणाबाईंना घाईघाईनं एकदा पालटवायची आणि मांडीवर गीतांचं पुस्तक उघडून बसायची. रत्ना स्कूटी लावून आत यायची तर काय दिसायचं तिला? आंटी आईजवळ बसल्या आहेत. तिचे डोळे भरून यायचे. सगुणाबाई माझ्याकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्यासुद्धा, ‘चांगली नौटंकी येते वं तुले.’ मी हसण्यावारी नेलं. त्यांचं तोंडच तसं, सगळ्यांना माहीत होतं — आणि मला त्याचा किती फायदा झाला, हे मी तेव्हाही ओळखून होते.

एवढ्यावर थांबावं, तर तेही नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची असते. प्रभूनं आपल्याला काय दाखवलं ते उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की त्या बहिणीचा हात हातात घेऊन बसते तेव्हा मला ख्रिस्ताचा हात धरल्यासारखं वाटतं. लोक ‘आमेन’ म्हणाले. शब्द सुचायला मला कधी वेळ लागत नाही. मुलांना निबंध शिकवण्यात जन्म गेला ना.

असं मी गोल गोल फिरते आहे. येते. त्या रविवारावर येते.

मी व्हरांड्यात होते. बहिणीचा फोन आला होता — तिच्या नणंदेच्या घरचं लग्न, कोणाला कोणती साडी आणि कोण कोणावर रुसलं. रंगात आलं होतं बोलणं. आतून आवाज आला, ‘पालटव वं मले.’ मी ऐकलं. नीट ऐकलं. म्हटलं, जाते, एवढं संपू दे. परत आवाज आला, जरा मोठा. बहिणीनं विचारलं, कोण ओरडतंय गं? मी म्हटलं — टीव्ही आहे. मग मी उठले. उठले, पण आत जायला नाही. मी दार ओढून घेतलं. कडी नाही लावली. नुसतं ओढलं, आवाज कमी यावा म्हणून. आणि परत खुर्चीत बसले.

त्या आणखी एकदा ओरडल्या. मग आवाज बंद झाला, आणि मला बरं वाटलं. झोपल्या एकदाच्या.

उपासना सुटायच्या वेळी मी नेहमीसारखी आत गेले, खुर्ची ओढली, पुस्तक काढलं. पालटवायला हात घातला आणि कळलं. त्या गेल्या होत्या. पालटवल्या असत्या तर वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं, कधीही होणारच होतं. पण डॉक्टरांना मी दार ओढल्याचं कुठे सांगितलं होतं? आणि समजा वाचल्या नसत्या — तरी माणूस शेवटी कोणालातरी हाक मारत होतं, आणि ती कोणीतरी मी होते.

रत्ना आली. तिनं जो हंबरडा फोडला तो मी सांगत नाही. पण थोड्या वेळानं माझ्या कुशीत तोंड घालून ती जे बोलली, ते सांगते. सकाळी निघताना मायलेकींचं भांडण झालं होतं. माझ्यावरून! सगुणाबाई तिला म्हणाल्या होत्या, त्या शालिनीच्या भरवशावर मले नको ठेवू, ती बाहेरच बसते, पालटवत नाई. आणि रत्नानं त्यांना खोटारडी म्हटलं होतं. आंटी एवढ्या मायेनं येतात आणि तुझी जीभ अशी, असं म्हणून ती पाय आपटत निघून गेली होती. ‘शेवटचा शब्द खोटारडी म्हटला मी तिले, आंटी. शेवटचा.’

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय बोलले? मी म्हणाले, वेडे, आई तुझ्यावर रागावली नव्हती. शांत होती. तुझं नाव घेतलं. म्हणाली, रत्ना थकली गं माझी, प्रभू तिला सांभाळो. आणि माझा हात धरून प्रभूत झोपी गेली.

तुम्ही मनात म्हणाल, बरं केलंस, दुःखातल्या पोरीला आधार दिलास. इतकी वर्षं मीही स्वतःला हेच समजावलं. पण क्रम मला माहीत आहे ना! तोंड उघडलं तेव्हा मनात आधी काय आलं — हिला कळता कामा नये. पोरीची दया नंतर आली. मी आधी स्वतःला झाकलं, आणि उरलेल्या कापडात तिला गुंडाळलं. त्यात एक मेलेली बाई खोटारडी ठरली ती ठरलीच. ख्रिस्ती माणसानं दया करावी म्हणतात. आणि माझ्या दयेचा सगळा बोजा त्या बिचारीच्या नावावर.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी माझंच वाक्य घेऊन उपदेश केला. पुढं रत्नाचं लग्न झालं, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला राहायला गेली. नवरा तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये आहे. पण दरवर्षी कबरीवर फुलं वाहायच्या दिवशी ती मला बोलवायची आणि सासरच्यांसमोर म्हणायची, आंटी, सांगा ना आई काय म्हणाली होती. आणि मी सांगायची. दर वेळी थोडं गोड करून.

या वर्षी महिला संघानं ठरवलं, नव्या मुलींना आजाऱ्यांच्या भेटीला कसं जावं ते आंटींनी शिकवावं. मी हो म्हटलं. तयारीला बसले. ‘आजाऱ्याजवळ बसताना’ एवढं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. बसताना कुठे? दाराबाहेर? त्या कोवळ्या पोरी उद्या कोणाच्या तरी उशाशी बसणार, माझं बघून. ह्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी चपला घातल्या आणि वाडीची बस धरली.

रत्नाची खोली रस्त्याला लागून, ट्रकांची घरघर सारखी. ती मेथी निवडत बसली होती. मला बघून हरखली, पाणी आणलं. मी पाण्याला हात लावला नाही. तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं — खुर्ची, फोन, टीव्ही आहे म्हटलं ते, दार. सजवलं नाही. एवढं बिनसजवलेलं मी आयुष्यात बोलले नसेन.

मेथीची काडी तिच्या हातात तशीच. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं नाव नाई घेतलं तिनं?’

‘नाही.’

‘आशीर्वाद गिशीर्वाद?’

‘काही नाही, रत्ना. मी बनवलं ते.’

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला हाकलेल. तिनं विचारलं, ‘कशी म्हणे? शेवटी. अशीच सांगा, जशी म्हणे तशी.’

मी सांगितलं. शेवटची हाक मी तुम्हालाही सांगितली नव्हती, ती तिला सांगितली. ‘ए शालिनी, बहिरी झाली काय वं? मेली का तिथं? पालटव ना मले!’

आणि रत्ना हसली. देवाशपथ. डोळ्यांतून धारा आणि ती हसते आहे. ‘हे आई होय,’ म्हणाली. ‘हे माझी आई होय! ते तुमचं शांत शांत बोलणं मले कधी पटलंच नाई. मी आरशासमोर म्हणून पाहो — रत्ना थकली गं माझी — अन् आईचा आवाजच नाई निघे. मले वाटे, मरताना माणूस बदलत असन. इतके वर्स मी कोण्या दुसऱ्याच बाईसाठी रडून राहिली, आंटी.’ मग पदरानं तोंड पुसून हळूच, स्वतःशीच: ‘खरं सांगत होती ती. खोटारडी नोती माझी आई.’

‘नव्हती,’ मी म्हटलं. ‘मी होते.’

त्या क्षणी माझ्या छातीवरून काय उतरलं ते मला लिहिता येत नाही. श्वास असा पोटापर्यंत गेला. लाज वाटायला पाहिजे होती आणि वाटतही होती, पण तिच्या जोडीनं हे हलकेपणही होतं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही; पुष्कळ लपवून झालं.

रत्नानं मेथी परत पुढ्यात घेतली. हसू कधीच ओसरलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पण तुम्ही उठाले पायजे होतं, आंटी.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘उठायला पाहिजे होतं.’