शेठ, शेठाणी आणि आमचं उदयपूर

हसणार नसाल तरच सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी सुलभाला मी पावागढच्या पुढे कुठे नेलं नव्हतं. मी बडोद्यात पंपांच्या कारखान्यात. नव्वदीनंतर उदयपूरच्या मार्बलवाल्यांचा धंदा असा फोफावला, की दगड कापताना पाणी सोडणाऱ्या आमच्या पंपांना उसंत नाही! म्हटलं, हीच संधी. पंप बसवायचं काम एका दिवसाचं. आमच्या शेठना सांगितलं, तीन दिवस लागतील. सुलभाने नवी साडी काढली.

सकाळी बसमध्ये दोघं शेजारी बसलो, आणि दारातून कोण चढावं? शेठ! मागून शेठाणी!

"जोशीभाई, तीन दिवसांचं काम तमने एकट्याला कसं सोपवायचं? आणि हिलाही तलाव बघायचाय." मग सुलभाकडे बघून, "आ बेन कोण?"

आता सांगा, "माझी बायको" म्हणायला काय जात होतं? पण तीन दिवसांची थाप उघडी पडली असती ना! "कोण जाणे, शेजारची सीट मिळालीय त्यांना," म्हणालो.

सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं... देवा रे!

"अनोळखी बेनशेजारी पुरुष बसतो का? उठा!" शेठ म्हणाले. मी थेट शेवटच्या सीटवर. माझ्या जागी शेठाणी. लगेच थेपल्यांचा डबा उघडला.

"तमे एकलां ज?"

"एकटीच," सुलभा ठसक्यात म्हणाली. "मिस्टरांना वेळ नसतो."

शेठाणीचा जीव कळवळला. उदयपूरला तिने सुलभाला आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. मग शेठ कुठे? माझ्या खोलीत! घोरणं म्हणजे आमचाच पंप.

ते तिघं नावेतून हिंडले, महाल बघून आले. मी मार्बलच्या चिखलात. काम पहिल्याच दिवशी संपलं होतं हो! पण थाप निभावायची होती. चांगला चालणारा पंप रोज खोलायचा, रोज बसवायचा. रडू यायचं अक्षरशः.

"कामाला जाताना बायकोला बरोबर न्यावं," शेठ मला सांगत होते. "मी कोणाला नाही म्हणतो का?"

मेलोच मी!

बडोद्याला उतरल्यावर शेठ म्हणाले, "बेन गोत्रीला राहतात. जोशीभाई, रिक्षाने सोडून या." मी झडप घालून बॅग उचलली.

सुलभाने ती शांतपणे काढून घेतली. "नको शेठ. अनोळखी माणसाबरोबर मी नाही जात." आणि रिक्षा गेलीसुद्धा. घराची किल्ली तिच्याच पर्समध्ये.

शेठ हळहळले. "केवढी संस्कारी बाई! नवरा कसला मिळाला असेल हो हिला?"

"गाढव असणार, शेठ," मी म्हणालो.