फाटक जसं होतं तसं

सोमवारी दुपारी मी जेवायला बसत होतो, तेवढ्यात व्हर्लिन क्रॅबट्रीचा फोन आला. कसा आहेस, काय चाललंय, असलं काही त्याने विचारलं नाही.

"लॉइड, शनिवारी आपण इमोजीनबाईंच्या तळ्यावर गेलो तेव्हा मधलं फाटक उघडं होतं की बंद?"

"बंद," मी म्हणालो. मग माझी मलाच खात्री वाटेना. "का रे?"

"नीट आठव. जाताना तू तिथे खाली उतरला होतास?"

मी आठवून पाहिलं. रस्त्यावरच्या फाटकाशी मी उतरलो होतो. मधल्या फाटकाशी उतरल्याचं काही केल्या आठवेना. कॉफीचा थर्मास मांडीवर घट्ट धरून बसलो होतो आणि गाडी कुठे न थांबता थेट तळ्यापर्यंत गेली होती.

"आणि येताना?"

"येताना मी दोन्ही लावली."

मग तो म्हणाला, "बूट घाल. मी आलोच."

ताट तसंच ठेवून मी बूट शोधले. इमोजीन स्टॉलिंग्जच्या वरच्या कुरणात पाण्याचा थेंब नाही. गुरं मधल्या फाटकातून खाली तळ्यावर येऊन पितात, म्हणून ते फाटक उन्हाळाभर सताड उघडं असतं. शनिवारी सकाळी मी ते लावलं होतं. सप्टेंबर अर्धा सरला तरी दुपारी पाठ भाजत होती, आणि पाऊस होऊन पाच आठवडे झाले होते. बाई स्वतः डोळ्याच्या ऑपरेशनसाठी स्प्रिंगफील्डला मुलीकडे गेल्या होत्या, त्या मंगळवारी येणार होत्या.

व्हर्लिन कसा माणूस आहे ते इथे सांगायला हवं. सदतीस वर्षं त्याने बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवले. घरामागे वाफा आहे, त्यापलीकडे त्याच्या मालकीची जमीन नाही. पण आमच्या मिसूरीतल्या या डोंगराळ भागात जवळजवळ प्रत्येक गुरंवाल्याचं एक शेततळं असतं, आणि अशा अकरा तळ्यांवर व्हर्लिनला गळ टाकायची मुभा होती. दर मार्चमध्ये तो अकरा दारांवर जातो, टोपी काढतो आणि नव्याने परवानगी मागतो. "अरे, दिली आहे ना कधीची," लोक हसतात. तो म्हणतो, "गेल्या वर्षीची दिली होती."

इमोजीनबाईंनी त्याला आठ वर्षं नाही म्हटलं. नवव्या वर्षी म्हणाल्या, "ये. पण गाव गोळा करून आणू नकोस. तो मुका मित्र आहे तुझा, तो चालेल. आणि फाटक जसं असेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद." तो मुका म्हणजे मी.

ते तळं मोठं नाही. या काठावरून टाकलेला गळ जोर लावला तर त्या काठाजवळ पडतो. पण सप्टेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की तिथले बास मासे खोल पाण्यातून शेवाळाच्या कडेला येतात आणि थंडी पडायच्या आत अधाशासारखे खातात. व्हर्लिन वर्षभर याच पाच-सहा आठवड्यांची वाट बघतो. त्या शनिवारी त्याने गळाला लावलेला रबरी बेडूक शेवाळावर टाकला, दोनदा हलवला, आणि शेवाळ खालून कोणी गुडघा मारावा तसं वर उचललं गेलं. नऊ-दहा मिनिटं तो आणि मासा एकमेकांना सोडत नव्हते. मासा हातात आला तेव्हा त्याच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरला. व्हर्लिनने त्याला पाण्यात धरून ठेवलं, आणि कल्ले नीट हलायला लागल्यावर सोडून दिलं. परतताना हा अबोल माणूस सारखा बोलत होता. आमच्याकडे गाडीत शेजारी बसतो त्याने फाटकं बघायची. मी त्याचं ऐकत ऐकत उतरलो, साखळी अडकवली आणि परत येऊन बसलो. त्याने आरशात पाहिलं असणार. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो मासाच होता.

"बाईंच्या शेजारपाजारी फाटक उघडायला कोणी नाही का?" पिकअपमध्ये बसताना मी विचारलं.

"दोन घरी फोन केला. आज गुरांचा बाजार. कोण घरी सापडणार?"

मागे त्याची चपट्या तळाची पत्र्याची होडी तशीच होती. एकोणीस मैलांत तो एवढंच बोलला, "तहानलेली गुरं पाण्यावर एकदम सोडायची नाहीत. माझ्या वडिलांनी एकदा सोडली होती."

"मग काय झालं?"

"चार चिखलात रुतली. दोन पाणी पिऊन पिऊन मेली."

रस्त्यावरूनच हंबरणं ऐकू आलं. सव्वीस गायी आणि त्यांची वासरं मधल्या फाटकाला रेटून उभी होती. फाटकाचा लोखंडी पाइप मधोमध वाकला होता. पलीकडे साठ-सत्तर पावलांवर तळं दिसत होतं, पाण्याभोवती काळ्या चिखलाचा रुंद पट्टा. एक पांढऱ्या तोंडाची म्हातारी गाय बाजूला पडली होती. पोट हलत होतं, मान उचलत नव्हती.

व्हर्लिनने गाडी फाटकापासून लांब, कुंपणाला लावली. आम्ही होडी उतरवली आणि तारांना टेकवली.

"तू पलीकडे जा, बादल्या भर आणि तारेवरून होडीत ओत. मी इथे थांबतो."

"यांच्यात?"

"मग कोण, तू थांबतोस?"

मी तारांतून कसाबसा पलीकडे गेलो. शर्ट फाटला. दोन बादल्या आणि मासे ठेवायचा बर्फाचा डबा, एवढीच भांडी होती. पहिली बादली होडीत पडली तो आवाज गुरांनी ऐकला आणि अख्खा कळप वळला. व्हर्लिन वल्हं आडवं धरून होडीपुढे उभा होता, त्र्याहत्तर वर्षांचा, एक गुडघा कामातून गेलेला. मला वाटलं, आता हा तुडवला जाणार.

"पाणी आण रे!" तो ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी किती खेपा केल्या ठाऊक नाही. तो गायींच्या नाकाडांवर वल्ह्याने थोपटत, त्यांना समजावत एकेकीला मागे सारत होता. "बस झालं, बाई. तुझ्या मागे लेकरं आहेत. सरक." वासरांना त्याने आधी पाजलं. कधीतरी एका गायीने होडीत पाय घातला, पत्रा फाटला आणि पाणी गळायला लागलं. "गळू दे. तू ओत," तो म्हणाला.

सगळ्यांच्या तोंडाला थोडंथोडं पाणी लागल्यावर त्यांचा जोर ओसरला. मग व्हर्लिनने फाटक एका गायीपुरतं उघडलं आणि पाच सोडल्या. मी चिखलाच्या बाजूला वल्हं घेऊन उभा राहून त्यांना बांधाकडच्या खडकाळ काठावर वळवत होतो. त्या प्यायल्या की त्यांना हुसकून बाजूला काढायचं, मग पुढच्या पाच. एक कालवड माझ्या हातून निसटली आणि पोटापर्यंत रुतली. व्हर्लिनने तिला दोर बांधून गाडीने ओढून काढलं. तो दोर सोडत असताना पाहिलं तर त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बस जरा," मी म्हणालो.

"नऊ राहिल्यात."

शेवटची गाय पाण्यावर पोचली तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. त्या पडलेल्या म्हातारीपाशी व्हर्लिन गुडघे टेकून बसला, ओंजळीने तिच्या तोंडात पाणी सोडत राहिला. ते गालातून बाहेर येत होतं. थोड्या वेळाने तिचं पोट हलायचं थांबलं. त्याने हात पँटला पुसले आणि मधलं फाटक पूर्ण उघडून तारेने पक्कं बांधलं.

मंगळवारी सकाळी आठपासून आम्ही इमोजीनबाईंच्या पायरीवर बसलो होतो. अकराला त्या आल्या, एका डोळ्यावर पट्टी.

"काय रे व्हर्लिन, तळं आटलं की काय?"

तो टोपी काढून उभा राहिला. "बाई, तुमची एक गाय गेली. आमच्यामुळे. मधलं फाटक बंद राहिलं."

रात्रभर मी एक वाक्य घोकलं होतं. "फाटक मी लावलं," मी म्हणालो.

"परवानगी माझ्या नावावर आहे," व्हर्लिन म्हणाला. "तो माझ्या गाडीत होता."

"दोघं भांडू नका. माझा एकच डोळा उघडा आहे." त्या वळल्या. "कुठली गेली?"

"पांढऱ्या तोंडाची. एक शिंग मोडलेली."

त्या चालत कुरणात आल्या. गायीजवळ थांबल्या. मग तारेजवळच्या त्या चेमटलेल्या, फाटलेल्या पत्र्याकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"माझी होडी."

त्यांनी वाकलेलं फाटक पाहिलं, चिखलातल्या खुणा पाहिल्या, खाली चरणाऱ्या गुरांवरून नजर फिरवली. घाई नव्हती त्यांना. व्हर्लिनच्या हातात टोपी गोल फिरत होती.

"म्हातारी होती," शेवटी त्या म्हणाल्या. "फार तर एक हिवाळा काढला असता. पण तहानेने जायला नको होती." मग व्हर्लिनकडे वळून, "या वर्षी आता गळ टाकायचा नाही. मार्चमध्ये ये. तेव्हाचं तेव्हा."

"हो, बाई."

त्यानंतरचे दिवस बाससाठी फार चांगले गेले. रात्री गार, सकाळी तळ्यांवर धुकं. मला वाटलं तो दुसऱ्या तळ्यांवर जाईल, दहा होतीच की. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी त्याच्या घरी गेलो तर तो ओट्यावर बसून गळाची रिळं खोलून तेल घालत होता.

"चल ना," मी म्हणालो. "हिगिन्सच्या तळ्यावर लोकांना मोठे लागतायत."

"बाईंनी नको म्हटलंय."

"त्यांच्या तळ्याबद्दल म्हणाल्या त्या."

"तळ्याचं नाव घेतलं का त्यांनी?"

"नाही."

"मग?" म्हणून त्याने पुढचं रीळ उचललं आणि त्याचा स्क्रू सोडवायला घेतला. मी खुर्ची ओढली. मार्चला अजून पाच महिने होते.