सेंटर फॉरवर्डची जागा

पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधी सांगून टाकते, उगाच नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं.

आमचा मुलींचा हॉकी संघ सिंदी मेघेजवळच्या मातीच्या मैदानावर खेळतो. पंधराजणी आहोत, कोच नाही. सगळ्यांत मोठी ती ताई. कचेरीत क्लार्क, दोन पोरांची आई, मी शाळेतही जात नव्हते तेव्हापासून हातात स्टिक. आम्हा सगळ्यांना तिनंच शिकवलं. सेंटर फॉरवर्डची जागा तिची, कारण ती नेहमीच तिची होती. याला मी कारण मानत नाही.

मग आष्टीकडची एक मुलगी आली. घरी गोंडी बोलणारी, इथे होस्टेलात राहून शिकणारी. दोनच सामने खेळली, तेही शेवटची दहा-दहा मिनिटं. एक गोल, तोही गोलकीपरच्या पॅडला लागून आत गेलेला. उलट्या स्टिकनं चेंडू घेताना चुकते. सिद्ध काहीच केलेलं नाही, कबूल. पण चेंडू सुटला की ती दोन पावलं आधीच तिथे असते आणि ताई दोन पावलं उशिरा पोचते. उजव्या हाफमधून पास मीच द्यायचे, म्हणून मला माहीत. सिद्ध नाही म्हणून खेळवायचं नाही, आणि खेळवलं नाही म्हणून सिद्ध नाही! असा न्याय दुसरीकडे कुठे दिसला असता तर आम्ही मोर्चा काढला असता.

डिसेंबरातल्या स्पर्धेला एकोणीस वर्षांखालच्या विभागीय संघासाठी मुली बघायला निवड समिती येणार होती. पुढच्या वर्षी ती मुलगी वयात बसणार नव्हती. ताईला त्या निवडीचा काडीचा उपयोग नव्हता.

चंद्रपूरचा सामना हरून येताना आम्ही वाटेत जाम गावच्या चौकात चहाला थांबलो. ताई गुडघा चोळत होती.

"हा गुडघा ऐकत नाई आता," ती मला म्हणाली. "डिसेंबरात त्या नव्या पोरीलेच सुरुवातीपासून खेळवू. मी बसते बाहेर."

"खरंच, ताई?"

"खोटं काऊन बोलू तुह्यासंगं? तू बोल पोरींसंगं. मी आहो ना मांगं."

मी बोलायला हवं होतं. मी लिहिलं. विद्यार्थी संघटनेत तीन वर्षं पत्रकं लिहून हाताला तीच सवय. वर मुलीचा फोटो, खाली 'वशिला नको, संधी हवी', आणि तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य: 'थकलेल्या पायांनी आता वाट मोकळी करावी.' मला ते फार आवडलं होतं. झेरॉक्स काढून मैदानावर वाटलं, बाजारात वाटलं.

आमच्यात प्रत्येक स्पर्धेआधी गोल करून बसायची पद्धत आहे. एखाद्या जागेवर वाद असला तर जिला खेळवायचं तिच्यासमोर प्रत्येकीनं आपली स्टिक नेऊन ठेवायची. सर्वांत लहान आधी, सर्वांत मोठी शेवटी, म्हणजे कुणी मोठ्यांचं तोंड बघून ठेवू नये. ही पद्धत ताईनंच घालून दिलेली. स्वतःसमोर कुणी ठेवत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही. लिहावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

ती मुलगी सर्वांत लहान. तिनं स्टिक ताईसमोर ठेवली. ते रीतीला धरून होतं, मला राग आला नाही. मी माझी त्या मुलीसमोर ठेवली. चौदा जणींचं झालं तेव्हा सात इकडे, सात तिकडे. उरली ताई. मी निश्चिंत होते. मला जामला शब्द मिळाला होता.

ताई जागची हलली नाही. मांडीवरची स्टिक तिनं स्वतःच्याच पायांशी ठेवली.

"ताई, स्वतःसमोर?"

"मंग? थकले पाय हायेत माये. उठून कुठं जाऊ?"

दोघीतिघी हसल्या.

"ऑफिसात एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं तुहं पत्रक. सायेबही हासले. वाट मोकळी कराची तं मी माया मनानं करीन. तुह्या कागदानं नाई."

"पण तुम्ही शब्द दिला होता!"

"म्हणूनच तं इचारते. शब्द देल्यावर कागद काऊन काढला?"

पण राग माझ्यावर होता ना? मग मला काढायचं. मी घरी बसले असते. वाक्य माझं आणि शिक्षा तिला, हा कुठला हिशेब?

ताई पूर्ण सामना खेळली. पेनल्टी कॉर्नरवर एक गोलही केला, आम्ही जिंकलो, तेही सांगते. मुलीला शेवटची सात मिनिटं मिळाली. तोवर निवड समिती वही मिटून चहा पीत होती. यादीत तिचं नाव आलं नाही.

आष्टीच्या गाडीवर तिला सोडायला मी स्टँडवर गेले. ताईनं कसा दगा दिला, हेच मी वाटभर बोलत होते.

"दिदी, मले मालूम होतं," ती म्हणाली. "बैठकीच्या सकाळीच ताईनं बलावून सांगतलं, मी बाहेर बसणार नाई म्हणून. तुमाले सांगू नको म्हणे."

"आणि तू सांगितलं नाहीस? मी तुझ्यासाठी भांडत होते!"

"तुमी तरी माया फोटो छापाच्या आंधी मले इचारलं का?" तिनं बॅग खांद्यावर घेतली. "होस्टेलात पोरी पत्रकवाली म्हणून राह्यल्या मले."

गाडी लागली. मी तिला म्हटलं की जागा तुझीच होती, कुणी काही म्हणो.

"असन," ती म्हणाली. "पण आता मले खेळाचं नाई." आणि चढली.