सभासदाची साखर

चहात साखर घालताना अजून ते काका आठवतात. शाळेत असताना दातांच्या तारा आवळून घ्यायला मी दर महिन्याला चौसाळ्याहून बीडला जायचे. तिथल्या दवाखान्यातल्या बाकावर ते भेटायचे. पन्नाशीत त्यांनीही तारा लावल्या होत्या. हसू आलं की खिशातली दस्ती काढून तोंडावर धरायचे.

डॉक्टरीणबाई आधी त्यांच्या रक्तातली साखर बघायच्या. वाढलेली असली की तारेला हात लावायच्या नाहीत.

"काका, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, गोड सोडा. साखर अशीच राहिली तर सरकवलेला दात हाड नीट धरणार नाही."

"सभासद हाय मी. दिवाळीला कारखान्याची साखर घरी येती. ती काय देवापुढं ठिवून पुजायची?"

दुष्काळाच्या साली एकदा बाई खूश झाल्या. "वा! साखर उतरली. गोळ्या लागू पडल्या!"

"गोळ्या त्याच हायेत, बाई. औंदा ऊसच न्हाई. कारखान्याचं धुराडं पेटलं न्हाई, मग साखर कुठनं यायची?"

बाई हसल्या, मीही हसले. काकांनी दस्ती तोंडावर धरली.

"दात वाकडे ऱ्हायले तरी चाललं असतं," ते दस्तीआडून म्हणाले. या वेळी त्यांना हसू आलं नव्हतं.