जिन्याखालचे सात ठिपके

डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हा चौघांना एका शॉपिंग कॉम्प्लेक्सची ओळख घडवायचं काम मिळालं. ओळख म्हणजे चिन्ह, रंग, पाट्या, पिशव्या, सगळंच. कॉम्प्लेक्स वाशीम जिल्ह्यातलं, आणि तेही माझ्याच तालुक्याच्या गावचं. म्हणून सरांनी मला पुढं केलं, आणि मीही मोठ्या तोऱ्यात पुढं झाले. तो तोरा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुमजली इमारत. खाली कृषी केंद्र, मोबाइलवाला, झेरॉक्स; वर कापडाची दोन दुकानं. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी खर्रा थुंकून थुंकून भिंतीचा मूळ रंग घालवला होता. म्हातारे मालक वारले आणि नागपुरात राहणारा त्यांचा धाकटा मुलगा कारभार बघायला लागला. त्याला म्हणे सगळं नवं पाहिजे होतं, पण आपल्या मातीतलं वाटलं पाहिजे होतं. सर हे ऐकून जाम खूश झाले. ओळख लोकांमधून आली पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

त्या जिन्याखाली एक मावशी फॉल-पिको करायची. माझी सख्खी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. माझ्या शाळेच्या स्कर्टची दुमड तिनं दरवर्षी उसवून खाली केली, म्हणून एक स्कर्ट चार वर्षं गेला. नवरा लवकर गेला. मोठीचं लग्न तिनं त्या मशीनवर केलं, धाकटी तेव्हा नर्सिंगला होती. बाया वर साडी घ्यायच्या, उतरताना हिच्याकडं टाकायच्या, बाजार करून गाडीच्या आधी घेऊन जायच्या. मशीनची वायर वरच्या कापडवाल्याकडून आलेली. म्हणजे धंदा मशीनचा नव्हता, त्या जागेचा होता. जिन्यापासून शंभर पावलं लांब बसली असती तरी कोणी वाकडी वाट करून गेलं नसतं. आणि जागा कशावर? तर म्हातारे मालक एकदा म्हणाले होते, बस इथं. बाकी एक चिठोरं नाही.

आमची कामाची पद्धत अशी, की चित्र काढायच्या आधी माणसांचा नकाशा काढायचा. कोण कुठं बसतं, किती वर्षांपासून, कोणामुळं गिऱ्हाईक येतं. आम्ही आठवडाभर तेच केलं. शटरवाल्यांना निळा ठिपका. ज्यांना शटर नाही त्यांना पिवळा. पिवळे सात निघाले : मावशी, चाव्यावाला, चपला शिवणारा, घड्याळवाला, अशी माणसं. आम्हाला तर घबाड सापडल्यासारखं झालं. कॉम्प्लेक्सचा जीव यांच्यातच आहे, असं मी सरांना सांगितलंसुद्धा.

बाकी सहा जणांनी माहिती दिली. मावशी मात्र बधेना.

"माहं नाव कायले पायजे तुले? मी काय दुकानदार हाये?"

"मावशी, तुझ्याशिवाय या कॉम्प्लेक्सला काय किंमत आहे?"

"थे सांगू नोको. कागदावर आलं का मानूस दिसते. मले इथं कोनी पाह्यत नाही म्हून मी बसून राह्यली."

मी हसले. खरंच हसले. चार बुकं शिकलेली ना मी. तिच्यासमोर पायरीवर बसून तिला समजावत राहिले, की आता जमाना बदलला, लोक जुन्या माणसांची कदर करतात, तुझ्या टाक्यावरूनच आम्ही चिन्ह करणार आहोत. पिकोची ती नागमोडी रेघ, हळदी रंगात, प्रत्येक पिशवीवर. तिनं मशीन थांबवली. माझ्याकडं जरा वेळ पाहिलं.

"कोनी मंधात बोललं तं?"

"कोण बोलणार? मी आहे ना."

"लिह्य मंग बापा. तुह्यावर भरोसा हाये," ती म्हणाली, आणि मी नाव, वर्षं, मशीन, सगळं लिहून घेतलं.

सादरीकरणाच्या दिवशी नकाशा आम्ही आधी लावला आणि चिन्ह नंतर. धाकट्या मालकाला चिन्ह आवडलं. पण तो सारखा नकाशाकडंच बघत होता. शेवटी त्यानं त्या पिवळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून शांतपणे विचारलं, हे सात जण भाडं कोणाला देतात? म्हाताऱ्या मालकांच्या वेळेपासूनचा मुनीम बाजूला मान खाली घालून उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि इतकी वर्षं त्यानं तोंड शिवून ठेवलं होतं. मीही गप्प बसू शकले असते. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कोणालाच नाही," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या शब्दावर बसलेत. तीच तर या जागेची गंमत आहे."

त्यानं मान डोलावली आणि मोबाइल काढून नकाशाचा फोटो घेतला. आम्हाला वाटलं, कौतुकानं घेतोय. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर दुसरीचा हात धरून दाखवला होता.

दोन महिन्यांत सातही जण उठले. आरडाओरड झाली नाही. मुनीम एकेकाकडं जाऊन सांगत गेला, एवढंच. जिन्याखालची जागा पत्र्यानं बंद केली आणि त्या पत्र्यावर आम्हीच बनवलेला माहिती फलक लावला. कोणतं दुकान कुठं आहे ते दाखवणारा, हळदी टाक्याची चौकट असलेला सुबक फलक. पिवळे ठिपके तेवढे काढले होते. फोटो आम्हाला पाठवला होता त्यांनी. तो फोटो दाखवून मला पुण्यात नोकरी लागली. आणि मी ती घेतली, हेही सांगते. रडले वगैरे, पण घेतली.

यंदा इंझोरीला चुलतबहिणीच्या लग्नाला चालले होते, तेव्हा गाडी बदलायला आमच्या गावच्या स्टँडवर उतरले. स्टँडबाहेरच्या भिंतीला लागून मावशी बसलेली. तिथं वीज कुठली, म्हणून पिको बंद. पायाच्या मशीनवर पिशव्यांच्या चेन बसवत होती. धाकटीचं नर्सिंग दुसऱ्या वर्षी सुटलं, ती आता मेडिकलच्या दुकानात गोळ्या काढून देते. हे मला शेजारी बसलेल्या चाव्यावाल्यानं सांगितलं. मावशीनं मला नुसतं "आली काय?" म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चाव्यावाल्याच्या गळ्यात एक कार्ड होतं. नगरपरिषदेची दोन माणसं मोजणीला आली होती, रस्त्यावर बसणाऱ्यांची. ज्यांनी नाव दिलं त्यांना कार्ड मिळालं. आता त्यांना कोणी उठवणार नाही. बाकीच्यांना पुढच्या आठवड्यापासून हटवणार.

"आमी समद्यायनं देलं," तो म्हणाला. "मावशीनं नाही देलं."

"काहून मावशी?"

ती सुईत दोरा ओवत होती. दोनदा चुकला.

"थे बी तुह्यावानीच गोड बोलून राह्यले होते. हातात कागद होता. म्हने, नाव लिहिलं तं तुमचंच भलं. मी म्हनलं, मी इथं बसत नाही बापा. गाडीची वाट पाह्यतो."

लग्न गेलं खड्ड्यात म्हणून मी तडक नगरपरिषदेत गेले. यादी बंद झालेली. बाबू म्हणाला, आता काही होत नाही. मी तासभर त्याच्या टेबलासमोरून हलले नाही, तेव्हा त्यानं वैतागून एक अर्ज दिला. म्हणाला, आजच बाईची सही आणा, साहेबांना विचारून बघू, खात्री नाही.

मी धावत आले. मावशीनं मला लांबूनच पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग हातातल्या कागदाकडं. तिनं चेन अर्धी तशीच सोडली, पिशव्या गोळा केल्या आणि मशीन झाकायला लागली.