दादांनी हँडब्रेक ओढला नव्हता

आमच्या घराण्यात एक विनोद बरीच वर्षं चालत आलाय. कुणी गॅस चालू ठेवून बाहेर गेलं, कुणी चावी आत ठेवून दार ओढून घेतलं, की दुसरा म्हणतो, "झाला की दादांचा हँडब्रेक!" मग सगळे हसतात. दादांच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा तो झाला. मी पानातल्या भातात बोटं फिरवत हसल्यासारखं केलं.

आता हे पुरे झालं. माझ्या थोरल्या भावानं हँडब्रेक विसरून ओढून ठेवला आणि त्यामुळं त्यांची अ‍ॅम्बॅसिडर कायमची जाम झाली, ही गोष्ट खोटी आहे. हँडब्रेक मी ओढला होता. मागची दोन्ही चाकंही मीच आवळली होती. नावं ठेवायची असतील त्यांनी आधी सगळं वाचावं.

दादांचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल उचलायचा आणि बार्शीपर्यंतच्या दुकानदारांना पोचवायचा. मी तिथल्याच एका कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्यामुळं घरातली पाना-हातोडीची कामं माझ्याकडं. पण गाडी कशी जपायची ते दादांनीच मला शिकवलं. गाडी धुतली की ते हँडब्रेक कधी ओढत नसत. चाकातल्या ओल्या ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटतात, गंज धरला की सुटत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा. माझा हात चुकून हँडब्रेककडं गेला तरी ते ओरडायचे. अशा माणसाला आम्ही विसरभोळा ठरवलं.

मग त्यांना काचबिंदू झाला. समोरची पाटी वाचता यायची, पण बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं दिसत होतं म्हणूनच ते मानायला तयार नव्हते. एकदा सात रस्ता चौकाजवळ त्यांनी एका सायकलवाल्याला घासलं. मी शेजारी बसलो होतो. तो माणूस पडला, डबा रस्त्यावर सांडला, गुडघा फुटला.

"ह्यो कुटनं आला रं मधीच?" दादा म्हणाले.

"मधी नाही आला. मघापासनं बाजूनंच चालला होता."

"मग मला दिसला नसता व्हय?"

"नाही दिसला, तेच सांगतोय."

"बारक्या, तू मागावर बसून धोटे मोज. गाडीतलं मला शिकवू नको."

तो माणूस शिव्या देत स्वतःच्या पायांवर उठला, म्हणून आम्ही घरी आलो. डॉक्टरांनी सांगून झालं, वहिनींनी रडून झालं. चावी लपवली, तर दुसरी त्यांच्या खिशात होतीच. "गाडी बंद तर दुकान बंद. मग काय घरात बसून शेंगा फोडू?" असं म्हणायचे. आणि त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की, दसऱ्याला माहेरी आलेल्या मुलीला ते स्वतः गाडीनं बार्शीला सासरी सोडणार. ती गरोदर होती.

खंडेनवमीला सकाळी गाडी धुतली. झेंडूची माळ घातली, लिंबू बांधलं, नारळ फोडला. माझे पाने, पकडी, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. कारखान्यात मागसुद्धा उभे असतात, तिथं घरात कोण पाना उचलणार? मी उचलला. जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. हळदकुंकू लागलेला पाना घेऊन मी गाडीखाली गेलो. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकचा अ‍ॅडजस्टर असतो, त्याचं चौकोनी डोकं फिरवलं की लायनर ड्रमच्या जवळ सरकतात. दोन्ही चाकांचा तो मी पार शेवटपर्यंत आवळला. मग दगड बाजूला केला आणि हँडब्रेक ओढला. ड्रममध्ये धुण्याचं पाणी होतंच. पाना परत पाटावर होता तसा ठेवला.

दसऱ्याला गाडी उभीच होती. दुसऱ्या दिवशी दादांनी क्लच सोडला, गाडीचं मागचं अंग खाली बसलं आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. मग त्यांचं लक्ष हँडब्रेककडं गेलं. तो सोडला तरी चाकं सुटेनात.

"ह्यो कुणी ओढला?"

मी चाकाजवळ वाकून बघितल्यासारखं केलं.

त्यांनी वहिनींकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. हत्यारं पाटावर होती तशी होती, गाडीला कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. मग हळूच म्हणाले, "मीच ओढला आसंल."

मुलगी एसटीनं बार्शीला गेली. "बघ की रं जरा," असं दादा मला म्हणत राहिले आणि मी, ठोकलं तर ड्रम फुटेल, नवा मिळत नाही, असं सांगून पुढं ढकलत राहिलो. माझ्यावर विसंबून त्यांनी दुसरा मेकॅनिक बोलावलाच नाही. दुकान दोन वर्षांत बंद झालं. पुढं नजरही गेली. ओसरीत बसून आल्यागेल्याला ते स्वतःच सांगायचे, "माजीच चूक. हँडब्रेक ओढून ठिवला की." विनोद तिथूनच सुरू झाला.

दादा गेले आणि यंदा त्यांची तीच मुलगी, आता पुण्याला राहणारी, आली. गाडी न्यायची म्हणाली. मी म्हटलं, "मेकॅनिक नको. मी सोडवतो. तू फक्त शेजारी थांब." वय झालंय, गाडीखाली शिरायला त्रास होतो, तरी म्हटलं. हे काम दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायला नको होतं.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं अंग जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, चाक काढलं. ड्रम गंजून तांबडा झाला होता. पुतणी हातोडी घेऊन तयार.

"काका, व्हिडिओत आधी ड्रमला ठोकतात."

"व्हिडिओतल्या गाडीचा अ‍ॅडजस्टर कुणी मुद्दाम आवळलेला नसतो."

"म्हणजे?"

मी सांगितलं. खाली वाकून बोलत होतो, त्यामुळं तिचं तोंड दिसत नव्हतं. अ‍ॅडजस्टरला गंज सोडवायचं तेल सोडलं, तारेच्या ब्रशनं घासलं, पुन्हा तेल सोडलं. पाना लावला तर हलेना.

"बाबांना का नाही सांगितलं?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी दुसऱ्याला बोलावून त्यांनी तो सैल करून घेतला असता. तुला घेऊन निघाले असते."

"त्या दिवशी नाही. नंतर."

"नंतर कधी?"

"त्यांची नजर गेल्यावर. चालवायचा प्रश्नच संपल्यावर. ते ओसरीत बसून स्वतःला दोष देत होते तेव्हा तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात काका."

भीती होती, एवढंच. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

ती हातोडी टाकून घरात गेली. मी तेल सोडत राहिलो. बऱ्याच वेळानं पाना किंचित सरकला, मग कुरकुरत फिरला. हँडब्रेकची तार सैल केली, लाकडाचा तुकडा धरून ड्रमच्या कडेला चहूबाजूंनी ठोकलं. ड्रम एकदम हातात आला आणि मी मागं बसलोच. आत लायनर झिजलेले नव्हते. नवेच म्हणावेत असे होते. दादांनी दसऱ्याआधी बदलून घेतले होते.

ती दारात उभी होती.

"केलं त्याचा पश्चात्ताप होतोय?" तिनं विचारलं.

"गाडी थांबवल्याचा नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा आवळीन. तू आहेस, तुझं पोरगं कॉलेजात आहे. मी कुणाची माफी मागणार नाही."

"आणि नंतर गप्प राहिल्याचा?"

"त्याची मागतो."

"माझ्याकडं नका मागू. हसले त्या सगळ्यांना सांगा. आणि लिहून सांगा. तोंडी सांगायला गेलात तर तुम्ही भांडण काढाल."

मग खाली बसून तिनं दुसऱ्या चाकाच्या नटांना पाना लावला. "हेही तुम्हीच आवळलंय ना? मग तेल द्या इकडं. मला संध्याकाळच्या आत निघायचंय."

दुसरा ड्रम आम्ही दोघांनी काढला. चाकं बसवली, तिनं हातानं फिरवून पाहिली. ब्रेकचं तेल आणि रबरं बदलायला गाडी गॅरेजला ढकलत न्यायची ठरली. ढकलायला आलेल्या चुलत पुतण्यानं हात लावता लावता तो विनोद केलाच. पुतणी थांबली आणि म्हणाली, "बाबांनी नव्हता ओढला. काकांनी ओढला होता. विचार त्यांनाच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय. मी ओढला. ढकल आता."