दादाची पेटंट गोळी

आमच्याकडे पेटंट म्हणजे हमखास, एक नंबर. वहिनीचं भरीत पेटंट, मामाची शिवी पेटंट, आणि माझ्या थापा तर अख्ख्या मेहकर तालुक्यात पेटंट. देऊळघाटच्या बाजारात मी बैलाशी इंग्रजीत बोललो आणि बैलाने व्याकरण सुधारलं, हे ऐकायला लोक अजून चहा पाजतात.

दादाला रक्ताचा कॅन्सर. जुनी गोळी लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी नवी लिहून दिली. ती विचारायला आम्ही दोघं मेहकरला गेलो. मेडिकलवाले चाचा तोंड पाडून म्हणाले, "पेटंट हाये तिच्यावर." दादाचा चेहरा असा उजळला, की दुकानातली ट्यूबलाइट लाजून विझली.

"ऐकलं का बे? पेटंट गोळी हाये!"

खुशीत तो शेजारच्या रसवंतीवर रस सांगायला गेला. तेवढ्यात चाचांनी मला समजावलं. ही गोळी बाहेरच्या देशातली एकच कंपनी करणार, भावही तीच ठरवणार. पेटंटची मुदत संपली की आपले कारखाने तीच गोळी स्वस्तात बनवतील, मग ती आपल्याला झेपेल.

"मंग संपू द्या ना मुदत!"

"संपतच आली भाऊ. पन दिल्लीत करार होऊन राह्यला. बाहेरचे म्हन्तात, आमच्याशी धंदा करायचा तं मुदत वाढवा."

"मंग भांडा म्हना त्याईच्याशी!"

"भांडले तं आपल्या कारखान्याले लागनारा गोळीचा कच्चा माल अडते. तोबी बाहेरूनच येते."

आता बोला. थांबा नसलेल्या ठिकाणी मी नुसत्या गप्पांवर एसटी थांबवली आहे. यमाचा रेडासुद्धा मी बोलता बोलता कोंडवाड्यात घातला असता. पण दादाच्या गोळीचं ज्या टेबलावर ठरतं, तिथे थाप मारायची कोणाला? बरं, मागायचं तरी काय? दोस्ती झाली तरी आमचंच मरण, भांडण झालं तरी आमचंच.

रस पिताना दादाला या पेटंटचा खरा अर्थ सांगायचा होता. त्याने स्वतःचा अर्धा ग्लास माझ्या ग्लासात ओतला. सांगायचं राहिलं.

गोळी बाहेरच्या देशातून येणार एवढंच त्याला माहीत, म्हणून आता तो रोज बातम्या लावून बसतो. परवा आपले साहेब आणि परदेशातले साहेब हात मिळवताना दिसले. हात सोडतच नव्हते.

"पाय बे, कशी दोस्ती झाली! आपल्यासाठी बरं हाये ना हे?"

एका प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं असतात.

"हाव," म्हणालो, आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

"काऊन कमी केला? ऐकू दे ना."

मी पुन्हा वाढवला.